रहस्य कसलं? गावाला सगळं ठाऊक हाय!

दोस्तांनो, रहस्यकादंबरीतलं गाव मला पाठ आहे. पडका वाडा, बुजवलेली विहीर, विहिरीत सांगाडा. मुंबईचा हुशार डिटेक्टिव्ह येतो, खणतो, खुनी धरतो. गाव एकदम पवित्र! वाचक झोपायला मोकळा.

पण त्या वाड्याचे दगड कोणी वाहिले? त्या विहिरीवर कोणाला चढू दिलं नाही? हा सवाल त्या शहाण्याला कधी पडत नाही.

धरमतरची खाडी ओलांडा, पोयनाडकडे या. जवळच चरी. १९३३ साली इथल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. संप १९३९ पर्यंत चालला. मधे १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडायचं बिल मांडलं. महाडही याच जिल्ह्यातलं. २० मार्च १९२७ ला आमची माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. सवर्णांनी डोकी फोडली, वर शेणमुतानं तळं 'शुद्ध' केलं! यात पुरलेलं काय आहे? सगळं भर उन्हात घडलं.

२०१४ साली नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात एका शाळकरी दलित पोराचा खून झाला. साक्षीदार फिरले. २०१७ साली आरोपी सुटले.

तेव्हा खुनी कोण, हे कोडंच नाही. बघूनही गाव गप्प का, हे कोडं. त्याचं उत्तर विहिरीत नाही, सातबाऱ्यावर आहे. ज्याच्या रानात मजुरी, त्याच्याविरुद्ध एकटा कोण बोलणार? चरीत सगळी कुळं एकदम बोलली, म्हणून खोत हादरला.

कादंबरी लिहायची तर ही लिहा. खुन्याचं नाव पहिल्याच पानावर टाका.