साडेबारा हजार किलोमीटर आणि अडीच किलो

बहीण शुक्रवारी रात्री लेकीकडे न्यूजर्सीला गेली. महिनाभर आधीपासून सोसायटीत ज्याची त्याची एकच चौकशी : "किती तास लागतात हो?" तिने तोंड उघडायच्या आत उत्तर दुसराच कुणीतरी देणार. कुणी चौदा, कुणी अठरा. तळमजल्यावरच्या आजींचे जावई तर बावीस तासांत पोचले होते. (दुबईत उतरून, हे नंतर कळलं.)

तर एकदाचं सांगून टाकतो. मुंबई ते न्यूजर्सीतलं न्यूअर्क हे अंतर सरळ मोजलं तर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास, येताना दीड-दोन तास कमी. कारण वर दहा-अकरा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा असतो. हा वारा पाठीशी मिळावा म्हणून २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, वेळ मात्र कमी झाला.

मुंबई-न्यूअर्कची सरळ वाट मात्र उत्तरेकडून जाते, हे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना पटेना. "नकाशात अमेरिका सरळ डाव्या हाताला आहे. अरबस्तान, आफ्रिका, समुद्र, की आलं!" मी फ्रिजमधून पपनस काढलं. एक लवंग मुंबईला टोचली, एक न्यूअर्कला, आणि चकलीच्या पिशव्या बांधायचा दोरा दोन्हींत ताणला. दोरा सरकत सरकत थेट वर गेला : रशिया, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं टोक. काकांनी चष्मा लावून पपनस फिरवून पाहिलं. "यात आइसलंड कुठाय?" म्हणाले.

दोऱ्यावरून आठवलं, मूळ राग बॅगांचा आहे.

तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. घरात काटा नाही. तेवढ्यात रद्दीवाला आला, त्याच्या हुकाच्या काट्याला दोन्ही लटकवल्या. साडेबावीस, साडेबावीस! बहीण खूश. उरलेल्या अर्ध्या अर्ध्या किलोत भाजणी आणि मेतकूट कोंबलं, वर बसून चेन लावली.

विमानतळावरच्या काट्यावर पहिली बॅग ठेवली. साडेपंचवीस. दुसरी, साडेपंचवीस. मागे भलीमोठी रांग, आणि आम्ही दोघं फरशीवर उकिडवे बसून लाडू काढू की कुळथाचं पीठ काढू, यावर हुज्जत घालतोय. पाच किलो ऐवज पिशवीत भरून मी पहाटे घरी परतलो. कालपासून दोन्ही वेळा थालीपीठ चालू आहे.

बहीण सुखरूप पोचली. किती तास लागले, ते विचारायचं राहूनच गेलं. मी दुसऱ्याच हिशेबात होतो : त्या काट्यावर पंचवीसमागे अडीच, म्हणजे दहा किलोमागे एक किलो गायब. वीस वर्षं आमच्या घरची रद्दी याच काट्यावर जाते. तिच्यात हे सदरही असतं. म्हणजे माझं लिखाण आजवर दहा टक्के हलकं धरलं गेलं, आणि मी उगाच संपादकांवर संशय घेत होतो.

येत्या रविवारी रद्दी द्यायच्या आधी घरातली पाच किलो तांदळाची न फोडलेली पिशवी त्या हुकाला लावून पाहा. साडेचार भरली, तर समजा, आपला रद्दीवाला एकच आहे.