शेवटच्याचा चहा

पुण्याहून गोव्याला सायकलने निघालेला ग्रुप पिरंगुटच्या चढापर्यंतच ग्रुप असतो. त्यानंतर एकाच रंगाची जर्सी घालून एकाच दिशेने चाललेली सुटी माणसं उरतात. पुढे चार जण, मध्ये पाच-सहा, आणि मागे कुठेतरी एक-दोघं. रात्री सगळे एकाच खानावळीत जेवतात, एवढ्यावरच आपण त्याला ग्रुप राइड म्हणतो.

मी अशा राइड करतो आणि बहुतेक वेळा पुढच्या चारांत असतो. त्यामुळे या लेखात ज्याच्यावर आरोप आहेत त्यात मीही आलो. तरी लिहितोय, कारण आपल्याकडच्या ग्रुप राइडमध्ये एक लबाडी आहे. ती सगळ्यांना दिसते आणि कुणी बोलत नाही.

आधी हिशेब मांडतो. समजा आज 90 किलोमीटर जायचंय आणि दर 30 किलोमीटरला थांबायचं ठरलंय. पुढचे ताशी साडेबावीसने चाललेत, सगळ्यांत मागचा ताशी पंधराने. पुढच्यांना 30 किलोमीटरला 80 मिनिटं लागतात, मागच्याला 120. म्हणजे पुढचे टपरीवर पोचले की 40 मिनिटं बसतात. चहा होतो, पोहे होतात, फोटो होतात, चेनला तेल देऊन होतं. मग मागचा येतो. सगळे टाळ्या वाजवतात. "आले आले!" तो हेल्मेट काढतो, बाटली भरून घेतो, चहाचा पहिला घोट घेतो, तोवर कुणीतरी म्हणतं, "चला, ऊन वाढायला लागलंय." दहा मिनिटांत सगळे निघतात.

पुढच्यांना 50 मिनिटं विश्रांती मिळाली, मागच्याला 10. दोन थांब्यांचं मिळून पुढच्यांना 100 मिनिटं आणि मागच्याला 20. ज्याला विश्रांतीची सगळ्यांत जास्त गरज, त्याला ती सगळ्यांत कमी. आणि हे आपण त्याच्यासाठी "थांबून" केलेलं असतं. वर त्याने आपले आभार मानायचे असतात. तो मानतोही. "सॉरी हं, तुम्हाला थांबावं लागलं," हे वाक्य मी प्रत्येक राइडमध्ये ऐकलंय.

हा हिशेब कुणी मुद्दाम दुष्टपणे मांडलेला नाही. आपण "थांबणे" आणि "विश्रांती देणे" यांत गल्लत केली, त्यातून तो आपोआप तयार झाला. पण सहा दिवस रोज हाच हिशेब चालवून बघा. तिसऱ्या दिवशी मागचा माणूस आणखी मागे पडतो आणि आपण म्हणतो, "त्याची तयारी कमी होती."

मजा अशी की सायकलिंगच्या इतिहासात हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे, तोही दोन वेगवेगळ्या पद्धतींनी. 1897 साली इटलीत काही सायकलस्वार रोम ते नेपल्स हे 230 किलोमीटरचं अंतर दिवसाच्या उजेडात पार करून गेले. त्यावरून 'ऑडॅक्स' हे नाव आलं, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ धाडसी. 1904 मध्ये फ्रान्समध्ये आँरी देग्रांज यांनी अशा राइडना नियम घालून दिले. आदल्याच वर्षी 'तूर द फ्रान्स' सुरू करणारे हेच ते गृहस्थ. पण ऑडॅक्स म्हणजे शर्यत नव्हती. सगळ्यांनी एकत्र, कॅप्टनने ठरवलेल्या गतीने चालायचं, कॅप्टनच्या पुढे कुणी जायचं नाही. पुढे 1921 मध्ये ऑडॅक्स क्लब पारिझियाँ आणि देग्रांज यांचं फाटलं आणि क्लबने दुसरी पद्धत काढली. ज्याने त्याने आपापल्या गतीने चालवायचं, फक्त ठरलेल्या वेळेत पोचायचं. आज आपल्याकडे जे 'ब्रेव्हे' होतात ते या दुसऱ्या पद्धतीचे: 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. वाटेत बाहेरची मदत घ्यायची तर ती फक्त कंट्रोल पॉइंटवर. बाकी तुमचं तुम्ही बघायचं.

मला या दोन्ही पद्धती आवडतात, कारण दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिली सांगते, सोबत हवी असेल तर वेग सोडा. दुसरी सांगते, वेग हवा असेल तर सोबतीची अपेक्षा ठेवू नका. आपण मात्र तिसरीच पद्धत काढली आहे. पोस्टरवर पहिली छापायची आणि रस्त्यावर दुसरी चालवायची. "कुणालाही मागे सोडणार नाही" असं लिहून पैसे भरून घ्यायचे आणि चढ लागला की गिअर टाकून निघून जायचं.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "पण आपल्याकडे स्वीप असतो ना." स्वीप म्हणजे सगळ्यांत मागे राहून शेवटच्या माणसाला सोबत करणारा रायडर. कल्पना चांगली आहे. प्रत्यक्षात स्वीप ही पुढच्यांची सोय असते. एक माणूस मागे ठेवला की बाकीच्या दहा जणांनी मागे वळून बघायची गरज उरत नाही.

हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण मी स्वीप होतो.

कोकण किनाऱ्याने गोव्याला जाणारी राइड होती. सहा दिवस, बारा जण. हा रस्ता ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे की नकाशात किनाऱ्याने जाणारी सपाट रेघ दिसते आणि प्रत्यक्षात सपाट असं फारसं काही नसतं. खाडी आली की उतरायचं, खाडी ओलांडली की पुन्हा चढायचं. वर जांभ्याचा सडा, सावलीला झाड नाही. दिवसातून चार-पाच वेळा हेच. मध्ये मध्ये फेरीबोटी: बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड.

आमच्यात एक काका होते. बँकेत नोकरी, वय चोपन्न, सायकल हायब्रिड, मागे दोन पिशव्या. तिसऱ्या दिवशी धोपाव्याला उतरलो, गुहागर मागे टाकलं आणि तवसाळच्या दिशेने निघालो. त्या दिवशी स्वीपची पाळी माझी. अकरा वाजून गेले होते. काका एका चढावर उतरून सायकल ढकलत होते. मी शेजारी ताशी सहा-सातच्या वेगाने डुगडुगत चालवत होतो आणि मनातल्या मनात चिडत होतो. पुढच्यांनी फोन केला, "बोट लागलीये, येताय का?" काकांनी ऐकलं. म्हणाले, "तू हो पुढे. मी येतो निवांत."

आणि मी झालो पुढे.

मराठी माणूस "तू हो पुढे" कधी म्हणतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. पाहुण्याने "नको, पोट भरलंय" म्हटल्यावर आपण पोळी वाढणं थांबवत नाही. कुणावर ओझं होणं ज्याला नको असतं, तो "तू हो पुढे" म्हणतो. ती परवानगी नव्हती, भीड होती. मला ती परवानगी समजायची होती, म्हणून मी तशी समजलो. बोट मिळाली. पलीकडे जयगडला उतरून आम्ही सरबत प्यायलो.

काका पुढे एका एसटीच्या थांब्यावर बसले होते. मळमळ, दोनदा उलटी, पायात गोळे. फोनला रेंज नव्हती. एका छोट्या टेम्पोवाल्याने त्यांना बघितलं, पाणी दिलं, सायकल मागे टाकली आणि धक्क्यावर आणून सोडलं. नंतरच्या बोटीने ते आले तेव्हा त्यांना उतरवून घ्यायला आम्ही सगळे धावलो. मदतीला धावणं आम्हाला चांगलं जमतं. आधी हळू चालवणं जमत नाही.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीहून काका परत गेले. कुणाला एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला: "तुमचा ग्रुप छान आहे. राइड पूर्ण करा. शुभेच्छा."

मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन शब्द आहेत. समोरच्याला धरून बोलायचं तर आपण, सोडून बोलायचं तर आम्ही. राइडच्या पोस्टरवर सगळीकडे 'आपण' होतं: आपण निघणार, आपण पोचणार. काका तीन दिवस आमच्यासोबत चालवत होते आणि त्यांनी लिहिलं 'तुमचा'. आमच्या राइडचं याहून अचूक परीक्षण कुणी केलेलं नाही. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर फोटो काढला, त्यात अकरा जण होते. खाली कुणीतरी 'टीमवर्क' लिहिलं. मीही त्यावर बदाम टाकला.

आता आक्षेप. पहिला: "ज्याला झेपत नाही त्याने येऊ नये. सराव करून यावं." मान्य. पण मग जाहिरातीत तसं लिहा. रोज किती अंतर, किती चढ, सलग किती वेगाने, आणि वेगात नसाल तर काय होईल. "हौशी, नवखे, सगळ्यांचं स्वागत" असं लिहून माणसं जमवायची आणि पहिल्या घाटात त्यांची लायकी काढायची, हे चालणार नाही.

दुसरा: "हळू चालवलं की उलट जास्त दमायला होतं." चढावर यात तथ्य आहे. प्रत्येकाची लय वेगळी असते, दुसऱ्याच्या लयीत घाट चढणं त्रासदायक असतं. म्हणून घाट ज्याने त्याने आपल्या गतीने चढावा आणि वर थांबावं. पण सपाटीवर हा युक्तिवाद फसतो, कारण तिथे वाऱ्याचं गणित लागू होतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समोरच्याच्या चाकामागे नीट राहिलं तर मागच्याचे कष्ट साधारण पाव ते एक तृतीयांशाने कमी होऊ शकतात. म्हणजे ताकदवान माणसाने थोडा वेग सोडून वारा अंगावर घेतला तर मागचा माणूस एरवी एकट्याने गाठू शकणार नाही असा वेग गाठतो. ग्रुपने सायकल चालवण्याचा शारीरिक फायदा मुख्यतः हाच. आपण काय करतो? चार तगडे एकमेकांच्या आडोशाने सुसाट जातात आणि सगळ्यांत दमलेला माणूस समुद्रावरचा वारा एकटा खातो.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही: ॲव्हरेज पडतं. खरं दुखणं हे आहे. स्ट्राव्हा सरासरी वेग काढताना थांबलेला वेळ धरत नाही. त्यामुळे टपरीवर 40 मिनिटं बसलं तरी आकड्याला धक्का लागत नाही, पण कुणाच्या तरी सोबत 10 किलोमीटर हळू चालवलं की लगेच लागतो. आपण थांबायला तयार असतो आणि सोबत चालवायला नसतो, त्यामागे हे कारण आहे. मी ऑफिसात दिवसभर डॅशबोर्ड बघतो. तिथे पहिल्या वर्षातच शिकवतात की सरासरीवर विश्वास ठेवू नका, सगळ्यांत हळू चाललेली रिक्वेस्ट बघा, सिस्टिम कशी आहे ते तिथे कळतं. सर्व्हरला लावतो तो नियम आपण सोबत्याला लावत नाही.

उपाय अवघड नाही. मघाचाच हिशेब घ्या. विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू करा आणि पूर्ण अर्धा तास द्या. मागच्याची विश्रांती 20 मिनिटांवरून 60 वर जाते. आणि सगळा ग्रुप मुक्कामी किती उशिरा पोचतो? 40 मिनिटं. सकाळी सहाला निघून शेवटचा माणूस 12 वाजून 20 मिनिटांनी पोचत होता, तो आता एकला पोचेल. ऊन टाळायचं असेल तर 40 मिनिटं लवकर निघा. 'आपण' म्हणायची किंमत एवढीच आहे. ती द्यायची नसेल तर खुशाल ब्रेव्हे करा, एकटे जा, शर्यतीत उतरा. त्यात काही कमीपणा नाही. फक्त त्याला ग्रुप राइड म्हणू नका.

या डिसेंबरात पुन्हा त्याच रस्त्याने जायचं ठरतंय आणि नियोजन माझ्याकडे आलंय. मी दोनच नियम लिहिले. विश्रांती शेवटच्यापासून मोजायची. आणि डोकी मोजल्याशिवाय बोटीत चढायचं नाही. दोन दिवसांत तीन जण ग्रुपमधून बाहेर पडले. त्यातले दोघं पुढच्या चारांतले, माझे जवळचे मित्र. एकाने फोन करून विचारलं, "तू राइड काढतोयस का सहल?" मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही, पण जे असेल ते सगळ्यांचं असेल.

काकांनाही मेसेज केलाय. त्यात माफी आहे, नियम आहेत आणि तारखा आहेत. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून आलेलं नाही, आणि ते द्यायला ते बांधील नाहीत.