विकत मिळतं की!

मागच्या शुक्रवारी हापिसात जेवताना चुकून बोलून गेलो, की या विकांताला घरच्या प्रोजेक्टरचा बोर्ड जोडायला बसणार आहे. झालं! टेबलावर आम्ही सहा जण. सहाही बी.ई., त्यातले दोघं तर चक्क इलेक्ट्रॉनिक्सचे. मला उगाचच वाटलं, की कोणीतरी विचारेल, "कसा जोडतात रे?" पण आला तो ठरलेला डायलॉग. "अरे, सेलमध्ये सहा-सात हजारात मिळतो की! तुझ्या तासाचं बिलिंग काढ आणि सांग, परवडतं का हे?"

दुसऱ्याने वर फोडणी टाकली, "आणि वायरी तर जोडायच्या असतात. त्यात कसलं आलंय इंजिनिअरिंग?"

मी डबा आवरला आणि गप्प बसलो. (वादातले मुद्दे मला नेहमी दोन दिवसांनी सुचतात.) तर मंडळी, आज रविवार आहे, मुद्दे सुचलेले आहेत, आणि या दोन वाक्यांचा एकदा समाचार घ्यायचाच आहे.

आधी ते बिलिंग. शनिवारी दुपारी तीन वाजता मला कुठलाही क्लायंट पैसे देत नाही. तुम्हालाही देत नसणार. त्या वेळात आपण मॉलमध्ये पार्किंग शोधत असतो, नाहीतर फोन चाळत लोळत असतो. तेव्हा कोणी तासाचा दर काढत नाही. दर निघतो तो फक्त हाताने काही करायची वेळ आली की. नळ गळतोय? बोलाव माणूस. सायकलची चेन उतरली? दुकानात टाक. याला मी गणित म्हणत नाही, सबब म्हणतो. 'मला येत नाही' असं म्हणायची लाज वाटते, म्हणून 'मला परवडत नाही' म्हणायचं.

आता वायरी. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लॅपटॉप मरतो तेव्हा त्याचा स्क्रीन बऱ्याचदा जिवंत असतो. त्याच्या मागचा बॅकलाइट आणि ते पांढरे कागद काढून टाकले की उरते एक आरपार दिसणारी काच. म्हणजे एक मोठी हलती स्लाइडच. तिच्यामागे दणदणीत एलईडी, दोन फ्रेनेल भिंगं, पुढे एक प्रोजेक्शनचं भिंग, की भिंतीवर चित्र. पण त्या काचेला एचडीएमआय कळत नाही. तिला कळते एलव्हीडीएस नावाची वेगळीच भाषा. मधला दुभाष्या म्हणजे हा एलसीडी कंट्रोलर बोर्ड. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला 'टीव्हीचा युनिव्हर्सल बोर्ड' म्हणून विचारा. मला केबल, बटणांची पट्टी आणि रिमोटसकट दोनेक हजारांना पडला.

'युनिव्हर्सल' हा शब्द लक्षात ठेवा. त्यानेच माझा घात केला.

माझ्याकडे पॅनेल होतं ते माझ्याच पहिल्या लॅपटॉपचं. २०१५ साली मी सेकंड इयरला असताना बाबांनी हप्त्यांवर घेऊन दिला होता. पुढे त्याचा मदरबोर्ड गेला, आणि लॅपटॉप माळ्यावर गेला. टाकवत नव्हता. त्याचा प्रोजेक्टर करू, गावी नेऊन बाबांना दाखवू, असा बेत होता. बोर्ड आणला, केबल खोचली, १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला, बटण दाबलं. चित्र नाही, काही नाही. हलकासा जळका वास आला आणि खेळ खलास.

झालं होतं ते असं. बोर्डाला स्वतःला १२ व्होल्ट लागतात. पण बोर्डाने पुढे पॅनेलला किती व्होल्ट द्यायचे, ते त्याच्यावरचा एक जंपर ठरवतो: ३.३, ५ किंवा १२. लॅपटॉपच्या पॅनेलला ३.३ लागतात, जुन्या सतरा इंची डेस्कटॉप मॉनिटरच्या पॅनेलला बहुधा ५, आणि टीव्हीच्या मोठ्या पॅनेलला १२. माझ्या बोर्डावरची ती चिमुकली टोपी १२ वर बसलेली होती. दुकानदार म्हणाला होता, "सगळ्याला चालतो साहेब, लावा बिनधास्त." मी लावला बिनधास्त.

दोन दिवस दुकानदाराला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी बाबांना फोन केला, तेव्हा सांगावंच लागलं. बाबा कारखान्यात फिटर होते. चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मीटर नव्हता का रे घरात?"

होता. ड्रॉवरमध्ये होता. फर्स्ट इयरला घेतलेला, पाकिटातसुद्धा ठेवलेला.

मग मोजलं का नाही? यावर मी खूप विचार केला. आमच्या धंद्यात आधी चालवून बघतात आणि मग लॉग वाचतात. फाटलं तर रोलबॅक. कोणीतरी कुठेतरी लिहिलेलं उचलायचं, चिकटवायचं, चाललं तर पुढे जायचं. ही सवय इतकी अंगात मुरली आहे, की आपण काही न वाचताच पुढे जातोय हे जाणवतसुद्धा नाही. १२ व्होल्टला रोलबॅक नसतो, साहेब. 'वायरी तर जोडायच्या असतात' म्हणणाऱ्या मित्रा, मीही अगदी हेच म्हणत बटण दाबलं होतं.

दुसरं पॅनेल जुन्या बाजारातून तीनशे रुपयांना आणलं. या वेळी क्रम बदलला, आणि तो जरा सविस्तर सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे.

पहिलं काम, पॅनेलच्या पाठीवरचं स्टिकर वाचणं. माझ्यावर 'एलपी १५६ डब्ल्यूएच' अशी सुरुवात होती, म्हणजे एलजीचं १५.६ इंची. पण शेवटची अक्षरंही वाचायची. कारण याच घराण्यातली काही पॅनेलं ईडीपीची असतात, त्यांना ३० पिनांचा कनेक्टर असतो आणि एलव्हीडीएसचा बोर्ड त्यांना चालतच नाही. माझं ४० पिनांचं एलव्हीडीएस निघालं. डेटाशीट काढली: १३६६ × ७६८, ३.३ व्होल्ट, सिंगल चॅनेल, ६ बिट. हे चार आकडे कागदावर लिहून कागद टेबलाला चिकटवला.

मग बोर्ड बंद ठेवून जंपर ३.३ वर. पॅनेल न जोडता बोर्ड चालू. कनेक्टरवर पॅनेलचा व्होल्टेज मोजायचा. इथे एक गंमत आहे. पुष्कळ बोर्ड सिग्नल नसला की पॅनेलचा पुरवठा बंद करून टाकतात. तेव्हा मीटरवर शून्य दिसलं म्हणून खूश व्हायचं नाही. एचडीएमआय जोडायची, बटण दाबायचं आणि मग मोजायचं. ३.२८ दिसले. हुश्श.

मग केबल. पिन नंबर एकची खूण दोन्ही टोकांना शोधायची आणि मीटर 'बीप'वर ठेवून एकेक तार तपासायची. ग्राउंडच्या पिना पॅनेलच्या धातूच्या फ्रेमशी बीप देतात, त्यावरून केबल उलटी बसत नाहीये ना ते कळतं. बॅकलाइटचा सहा पिनांचा कनेक्टर मोकळाच ठेवायचा, कारण आपला दिवा वेगळा आहे. काच फ्रेममधून काढताना तिच्या कडेला असलेला छोटा बोर्ड प्रकाशाच्या वाटेतून उलगडून बाजूला करायचा असतो. तो काचेला ज्या पातळ पट्ट्यांनी जोडलेला असतो, त्यातली एक जरी फाटली तरी पॅनेल गेलं. घरी सोल्डर होणारी ती वस्तू नव्हे. हे सगळं झाल्यावर मी बटण दाबलं.

चित्र आलं! आणि त्या चित्रात माझा चेहरा भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशासारखा दिसत होता. गालावर हिरवं पठार, कपाळावर जांभळा डोंगर.

आता आधीचा मी असतो तर केबल हलवून बघितली असती, बोर्डाला टपली मारली असती, आणि शेवटी दुसरा बोर्ड आणला असता. पण कागद टेबलावर चिकटवलेला होता. हिशोब करा. एलव्हीडीएसमध्ये तारांच्या जोड्या असतात आणि क्लॉकच्या एका ठोक्यात प्रत्येक जोडीतून ७ बिट जातात. ६ बिटांच्या पॅनेलला तीन जोड्या, म्हणजे २१ बिट. लाल, हिरव्या, निळ्याचे सहा-सहा, असे १८. उरलेले तीन, ओळ कुठे सुरू, चित्र कुठे सुरू वगैरे सांगायला. हिशोब चोख! ८ बिटांना चौथी जोडी लागते. आणि त्यातल्या एका प्रचलित मांडणीत या चौथ्या जोडीवर प्रत्येक रंगाचे सगळ्यात मोठे दोन बिट पाठवतात. माझ्या पॅनेलला चौथी जोडीच नाही. बोर्डावरचं फर्मवेअर ८ बिटांचं. म्हणजे प्रत्येक रंगाचे सगळ्यात वजनदार बिट हवेत जात होते, आणि उरलेल्या बारीक बिटांचे डोंगर-पठार मला दिसत होते. बोर्ड बिचारा पॅनेलला काही विचारत नाही. फर्मवेअरमध्ये जे लिहिलंय तेच ओकतो.

१३६६ × ७६८, सिंगल चॅनेल, ६ बिटांचं फर्मवेअर पेन ड्राइव्हवर घेतलं, बोर्डात भरलं, आणि माझा चेहरा परत माणसासारखा दिसायला लागला. (बायकोच्या मते थोडाफार.)

आता सांगा, यात कसलं आलंय इंजिनिअरिंग?

आणि आता त्या सहा-सात हजारांच्या खोक्याकडे वळू. त्याच टेबलावरच्या एकाने मागच्या दिवाळीत असाच एक स्वस्तातला प्रोजेक्टर घेतला. खोक्यावर ठळक अक्षरात '१०८०पी सपोर्टेड'. मातृभाषेतला पिक्चर लावून झाला, मग साहेबांनी एक्सेल उघडलं, तर अक्षरं वाचता येईनात. या इसमाने तीन एचडीएमआय केबली बदलल्या! खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: नेटिव्ह ८०० × ४८०. म्हणजे ३,८४,००० ठिपके. १९२० × १०८० चे होतात २०,७३,६००. पाचवा हिस्सासुद्धा नाही.

आतमध्ये काय असतं? माझ्याकडे आहे तेच. एक एलईडी, एक छोटी एलसीडी काच, फ्रेनेल भिंगं आणि एक कंट्रोलर बोर्ड. बोर्डावरची चिप येईल तो सिग्नल घेते आणि समोरच्या काचेत मावेल एवढा चेपते. मी माझ्या १३६६ × ७६८ च्या पॅनेलला १०८०पी देतो, ते बोर्ड आनंदाने घेतो. उद्या मीसुद्धा माझ्या प्लायवूडच्या पेटीवर 'सपोर्टेड' असं रंगवू शकतो, आणि ते खोटंही ठरणार नाही. घेणं वेगळं, दाखवणं वेगळं. हा फरक मला कुठल्या लेक्चरमध्ये कळला नाही, बोर्ड जोडताना कळला. आणि ज्याने तासाचा दर काढून विकत घेतलं त्याला तो खोक्यावर लिहिलेला असूनही दिसला नाही. आता कोणाचं गणित चुकलं?

मी विकत घेण्याच्या विरुद्ध नाही. खोटं कशाला बोलू, माझा प्रोजेक्टर काही फार भारी नाही. एलसीडीची काच मुळात प्रकाश खाते. पहिलाच पोलरायझर निम्मा खातो, रंगांचे फिल्टर उरलेल्यातला दोन तृतीयांश, आणि शेवटी शंभरातले जेमतेम पाच ते दहा भाग भिंतीपर्यंत जातात. खोलीत काळोख करावा लागतो. पंखा घोंघावतो. पेटी एअर कूलरएवढी झाली आहे. फक्त पिक्चर बघायचा असेल तर खुशाल विकत घ्या, आणि जरा चांगला घ्या.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. इंजिनिअर म्हणवून घेणाऱ्या माणसाने 'हे चालतं कसं' हा प्रश्न पडायच्या आधीच 'केवढ्याला मिळतं' हे उत्तर द्यावं, यावर आहे. ही सवय प्रोजेक्टरपाशी थांबत नाही. हापिसात व्हेंडर येतो, स्लाइडवर 'सपोर्टेड' लिहितो, आपण सहा जण माना डोलावतो आणि सही होते. सहा महिन्यांनी रात्री दोनला कॉलवर बसून कळतं, की घेत होतं पण दाखवत नव्हतं. तेव्हा मात्र तासाचं बिलिंग कोणी काढत नाही.

तुमच्याही माळ्यावर एक मेलेला लॅपटॉप असेल. प्रोजेक्टर नका करू हवं तर. पण पुढच्या विकांताला बॅटरी काढून तो उघडा, स्क्रीनच्या पाठीवरचं स्टिकर वाचा आणि त्या नंबराची डेटाशीट शोधा. तासाभराचं काम आहे. जंपरला मात्र मोजल्याशिवाय हात लावू नका. तो धडा मी तुमच्या वाटचा घेऊन ठेवलाय.

असो. भाषण फार झालं. पेटीला दुसरा पंखा बसवायचा राहिलाय, आणि गणपतीत ही धूड गावी न्यायची आहे. बाबांनी आधीच विचारून ठेवलंय, की एसटीच्या टपावर चालेल का.