लठ्ठ पगार आणि एक पिन

‘ज्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत, त्यांच्या पोटाची काळजी जमिनीवरच्यांनी कशाला वाहायची?’ नगरमधल्या एका व्याख्यानात नुकतंच हेलिकॉप्टरचे वैमानिक आणि मेकॅनिक यांना उद्देशून हे वाक्य फेकलं गेलं आणि त्याला टाळ्याही पडल्या. वक्ते अभ्यासू म्हणून ओळखले जातात, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला लाखांत पगार असतो. त्यातले पुष्कळ जण सैन्यातून आलेले, म्हणजे वर पेन्शनही आहे. मेकॅनिक हा शेवटी पाना फिरवणारा, मग तो गॅरेजात फिरवला काय आणि हँगरमध्ये फिरवला काय. परवडत नसेल तर नोकरी सोडावी, बाजार मोकळा आहे. आणि शेवटचा हुकमाचा एक्का: ज्या जिल्ह्यात ऊसतोड मजूर पालात राहतात, तिथे हेलिकॉप्टरवाल्यांच्या झोपेची चर्चा ही निव्वळ चैन आहे.

एक्का आधी घेऊ. कोयत्याच्या दरवाढीचा विषय निघाला की हेच गृहस्थ ‘आधी कारखाना टिकला पाहिजे’ म्हणतात. मजुराची आठवण त्यांना दुसऱ्याची मागणी मोडायची असली की येते. पेन्शनचं म्हणाल, तर ती मागच्या नोकरीची कमाई आहे, आजच्या कामाचा आगाऊ हप्ता नव्हे. बाजाराचं म्हणाल, तर सही करणाऱ्या मेकॅनिकचा परवाना हेलिकॉप्टरच्या प्रकाराशी बांधलेला असतो. एका बनावटीवर आयुष्य घालवलेला माणूस उद्या दुसऱ्या बनावटीवर सही करू शकत नाही. त्यासाठी पुन्हा प्रशिक्षण आणि पुन्हा परीक्षा. हा असला मोकळा बाजार!

आता तो पाना. वक्त्यांनी या पान्याची फार टिंगल केली, म्हणून आपण त्याच्यापाशी जरा थांबू.

विमानाचं इंजिन बंद पडलं तरी पंखांवर ते काही अंतर तरंगत जातं. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं, तरी वरचा पंखा हवेच्या जोरावर फिरत ठेवून कुशल वैमानिक ते खाली उतरवू शकतो. पण पंखाच सुटला, किंवा त्याच्या पात्यांचा कोन बदलणारा दांडा निसटला, तर जगातला कुठलाही वैमानिक काही करू शकत नाही. मोठ्या हेलिकॉप्टरला इंजिनं दोन असतात, पण मुख्य गिअरबॉक्स एकच. नॉर्वेत 29 एप्रिल 2016 रोजी एका हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधलं एक दातेरी चाक धातू थकून तडकलं, वरचा पंखाच उखडून गेला आणि 13 माणसं मेली. अशा यंत्राच्या गिअरबॉक्सच्या तेलात लोखंडाचा कण सापडला तर त्याचा अर्थ काय, हे ठरवणारा माणूस म्हणजे आमच्या वक्त्यांच्या भाषेत ‘पाना फिरवणारा’.

दुसरं उदाहरण याहून बोचरं आहे. अमेरिकेत लास वेगासजवळ 7 डिसेंबर 2011 रोजी पर्यटकांचं एक हेलिकॉप्टर डोंगरात कोसळलं. वैमानिक आणि चार प्रवासी, पाचही जण गेले. चौकशीत काय निघालं? आदल्या दिवशी देखभालीत एक झिजलेला नट पुन्हा वापरला गेला आणि तो सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन एक तर नीट बसली नव्हती किंवा घातलीच नव्हती. चौकशी मंडळ इथेच थांबलं नाही. मेकॅनिक आणि त्याचं काम तपासणारा, दोघेही थकलेले होते, हे त्यांनी अपघाताच्या कारणांत नोंदवलं. मेकॅनिकचा तो खरं तर सुट्टीचा दिवस होता. दुपारच्या पाळीची सवय असलेल्या त्या माणसाला पहाटेच्या कामावर बोलावून घेतलं होतं. पिन चिमूटभर, तिची किंमत नगण्य. महाग होती ती झोप, आणि कंपनीने नेमकी तिथेच काटकसर केली.

म्हणजे मेकॅनिकच्या कामाचे तास हा त्याच्या लाडाकोडाचा विषय नाही, तो पंख्याखाली बसणाऱ्याच्या जिवाचा विषय आहे. दिवसभर यंत्र उडतं, म्हणून त्याची दुरुस्ती रात्रीच्या माथी येते. वैमानिक उतरून निघून जातो तेव्हा मेकॅनिकची ड्युटी खऱ्या अर्थाने सुरू होते. सकाळी ‘उडायला हरकत नाही’ अशी सही त्याची असते आणि ती चुकली तर पहिली नोटीसही त्यालाच. कित्येकदा तो स्वतः त्याच यंत्रात बसलेला असतो. पुण्याजवळ बावधनला 2 ऑक्टोबर 2024 च्या सकाळी धुक्यात कोसळलेल्या हेलिकॉप्टरमध्ये तीन माणसं होती: दोन वैमानिक आणि एक इंजिनिअर. ते मुंबईला एका नेत्याला आणायला निघाले होते. दुसऱ्या दिवशी गावोगाव चर्चा झाली ती ‘नेते थोडक्यात वाचले’ याची!

वैमानिकाच्या लाखांबद्दलही दोन शब्द. निवडणुकीत पाथर्डी-शेवगावच्या, जामखेड-पारनेरच्या रानात रोलर फिरवून, चुन्याचा गोल काढून रातोरात हेलिपॅड उभे राहतात. भर उन्हात हवा विरळ होते, पंख्याला उचल कमी मिळते, म्हणून एक माणूस किंवा थोडं इंधन कमी करावं लागतं. कोणाला उतरवणार? साहेबांच्या स्वीय सहायकाला? धूळ इतकी उडते की शेवटच्या काही फुटांत खालची जमीन दिसत नाही. सभा दीड तास लांबलेली असते. रानातल्या हेलिपॅडवरून अंधारात उडायची परवानगी नसते, पण ‘कॅप्टन, पाचच मिनिटं’ असा निरोप येतच राहतो. त्या घडीला ‘नाही’ म्हणायची किंमत त्या लठ्ठ पगारात धरलेली असते का? निलंग्याला 25 मे 2017 रोजी खुद्द मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडताक्षणी तारांत अडकून पडलं. सगळे बचावले ही दैवाची कृपा. व्यवस्थेने त्यात स्वतःची पाठ थोपटण्यासारखं काही नव्हतं.

‘चालवणारा काय, दांडका तर फिरवतो’ हा युक्तिवाद नगरला नवा नाही. महाराष्ट्रातली पहिली एसटी 1 जून 1948 रोजी धावली ती नगरहून पुण्याला. त्या अभिमानाचे सोहळे आपण करतो. आणि 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचे चालक-वाहक-मेकॅनिक संपावर गेले, महिनोन्‌महिने आगारांत गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा याच शहरात याच सुरात ‘एवढा पगार तरी कशाला?’ असं विचारलं गेलं. तेव्हा पगार कमी होता म्हणून त्यांची किंमत कमी, आता पगार जास्त आहे म्हणून यांची तक्रार खोटी. कष्टकऱ्याने तोंड उघडावं अशी एखादी पगाराची पायरी वक्त्यांनी एकदा नक्की करून द्यावी, म्हणजे सगळेच तिथे येऊन थांबतील.

मग करायचं काय? भाड्याने हेलिकॉप्टर घेताना, सरकार असो वा पक्ष, करारात चार ओळी घालाव्यात. मेकॅनिकच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांची नोंद असावी आणि ती मागितल्यावर दाखवावी. उडायचं की नाही, हा निर्णय एकट्या वैमानिकाचा असावा आणि ‘नाही’ म्हटल्याबद्दल त्याचा एक रुपयाही कापला जाऊ नये. पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर टांगून ठेवू नये, नाहीतर धुक्यातही हात दांड्याकडेच जातो. आणि हेलिपॅडवर मंडप फक्त हार घालणाऱ्यांसाठी नको. यंत्राजवळ उन्हात उभ्या असणाऱ्यांनाही सावली, पाणी आणि स्वच्छतागृह द्यावं. या मागण्यांत क्रांती नाही, पैसाही फारसा नाही.

ज्याला हेलिकॉप्टरचं भाडं परवडतं, त्याला मेकॅनिकची झोप परवडलीच पाहिजे. परवडत नसेल त्याने खुशाल एसटीने यावं. नगर-पुणे गाडी 1948 पासून आहे.