‘जरा सीट बदलता का?’ हे विचारायची भीती

अम्मीचा पहिला विमानप्रवास. वय चौसष्ट, दोन्ही गुडघे दुखरे, अंगावर नेहमीचा काळा बुरखा आणि पिशवीत कडक भाकरी नि शेंगाचटणीचा डबा. पुण्याहून दिल्लीला माझ्या धाकट्या बहिणीकडे जायचं होतं. अम्मी, अब्बा आणि मी, तिघांचं तिकीट एकाच पीएनआरवर. तिकीट मीच काढलं होतं. सीट निवडायच्या पानावर प्रत्येक सीटखाली किंमत दिसली. एकाच तिकिटावर आहोत तर शेजारीच बसवतील, असं धरून मी ते पान पुढे ढकललं. पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर असून मी हे धरून चाललो, याची आज लाज वाटते.

बोर्डिंग पास हातात आले. मी सातव्या रांगेत, अब्बा एकोणिसाव्या आणि अम्मी सव्विसाव्या रांगेत, मधल्या सीटवर. काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं आणि सांगितलं, ‘सर, फ्लाइट फुल्ल आहे. आत गेल्यावर कोणाला तरी रिक्वेस्ट करा.’

आत गेल्यावर अम्मीला सव्विसाव्या रांगेपर्यंत नेलं. खिडकीला कानात इअरफोन घातलेला मुलगा, कडेला लॅपटॉप बॅग मांडीवर घेतलेले एक गृहस्थ. मागे बॅगा चढवणाऱ्यांची रांग खोळंबलेली. मला एकच वाक्य बोलायचं होतं: ‘आईचा पहिलाच प्रवास आहे, जरा सीट बदलता का?’ ते वाक्य तोंडातून निघालं नाही. मला दाढी आहे, सोबत बुरख्यातली बाई आहे, आणि आम्ही विमानाच्या मधल्या वाटेत उभे आहोत, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. ‘बैठो अम्मी, दो घंटे का तो है,’ म्हणालो आणि पुढे जाऊन बसलो.

दिल्लीला उतरल्यावर पाहिलं तर अम्मीचे ओठ कोरडे पडले होते. पुण्यापासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. पाणी प्यायलं तर बाथरूमला जावं लागेल, त्यासाठी त्या साहेबांना उठवावं लागेल, आणि ते तिला नको होतं.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. त्या प्रवासात आम्हाला कोणीही वाकडा शब्द बोललं नाही. ते गृहस्थ कदाचित हसत उठले असते. मी त्यांना संधीच दिली नाही. म्हणून ही भेदभावाची तक्रार नाही. माझ्या घशात ते वाक्य का अडकलं, याचा मी नंतर बराच विचार केला, आणि त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडतोय.

2006 साली मी शाळा संपवून कॉलेजात जायच्या वयाचा होतो. 11 जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले. 10 ऑगस्टला लंडनमध्ये विमानं उडवून देण्याचा कट उघडकीला आला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, 23 ऑगस्टला, नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं ॲमस्टरडॅमहून मुंबईला निघालेलं विमान वाटेतून माघारी फिरवलं गेलं. सोबतीला नेदरलँड्सच्या हवाई दलाची एफ-16 लढाऊ विमानं होती. उतरल्यावर बारा भारतीय प्रवाशांना अटक झाली. हे मुंबईचे मुस्लिम होते. त्यांच्याविषयी संशय कशामुळे आला? उड्डाणाच्या वेळी ते मोबाइल हाताळत होते, एकमेकांकडे देत होते आणि जागा बदलत होते. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना सोडून दिलं गेलं. घातपाताचा कोणताही पुरावा नव्हता.

मुंबईच्या विमानात बसलेला कोणता भारतीय ग्रुप जागा बदलत नाही? लग्नाचं वऱ्हाड घ्या, सहलीची मंडळी घ्या, विमान पूर्ण भरायच्या आत ‘तू इकडे ये, मी तिकडे जातो’ सुरू होतं. त्या बारा जणांनी इतरांपेक्षा वेगळं काही केलं असेल तर ते शिस्तीचं उल्लंघन होतं. मोबाइल बंद ठेवा आणि जागेवर बसा, असं कर्मचारी सांगतात तेव्हा ऐकलंच पाहिजे. पण बेशिस्तीला ताकीद मिळते, बेड्या नाही.

दुसरी घटना अमेरिकेतली. 1 जानेवारी 2009 ला वॉशिंग्टनहून ऑरलँडोला जाणाऱ्या एअरट्रॅनच्या विमानातून नऊ मुस्लिम प्रवाशांना उतरवलं गेलं. त्यात लहान मुलंही होती. त्यांच्यापैकी काहींचं आपसात बोलणं चाललं होतं की विमानात सर्वांत सुरक्षित सीट कुठली. शेजारच्यांनी ते ऐकलं. एफबीआयने चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवलं, तरी कंपनीने त्या दिवशी त्यांना पुन्हा विमानात घेतलं नाही. नंतर माफी मागितली आणि तिकिटाचे पैसे परत देऊ केले.

अशा बातम्या आपल्या घरात जेवताना वाचल्या जातात. मग मुलगा प्रवासाला निघाला की अब्बा सांगतात, ‘फोनवर हळू बोल, उगीच इकडेतिकडे फिरू नकोस.’ अब्बांनी मलाही हेच सांगितलं होतं. अम्मीच्या रांगेशी उभा असताना माझा घसा याच सूचनेने धरला होता. ही भीती दर वेळी खरी ठरते असं मुळीच नाही. बहुतेक वेळा ती खोटीच ठरते. पण विमानात बसताना ती आपल्यासोबत असते, आणि विमान कंपन्यांच्या सीटच्या धोरणाशी तिचा थेट संबंध येतो. तो असा, की शेजारी बसणं हा हक्क न ठेवता ‘आत जाऊन रिक्वेस्ट करा’ असं सोडून दिलं, तर ज्याला विनंती करणं सोपं जातं त्याला जागा मिळते आणि ज्याला विनंती करायचीच धास्ती वाटते तो गप्प बसतो.

आता धोरणाकडे वळू. भारतात 2003 मध्ये एअर डेक्कनने स्वस्त विमानसेवा सुरू केली तेव्हा सीट नंबरच नसायचा. दार उघडलं की जो आधी पोहोचेल त्याची जागा. आपल्या एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसाच तो प्रकार. त्यात गोंधळ होता, पण तिघांनी तीन ठिकाणी बसायचे पैसे वाचवणं वगैरे भानगड नव्हती. पुढे सीट नंबर आले आणि मग सीट हीच विकायची वस्तू झाली. नोव्हेंबर 2018 मध्ये इंडिगोने वेब चेक-इनला सगळ्याच सीटसाठी पैसे लावल्याचं जाहीर झालं, लोकांनी ओरड केली, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने आपण हे तपासू असं म्हटलं. कंपनीचं म्हणणं होतं की विमानतळावर फुकट सीट मिळेलच. मिळते, पण कुठली मिळेल ते तुमच्या हातात नसतं.

एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएने एक चांगलं पाऊल उचललं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी बसवलं पाहिजे, असं विमान कंपन्यांना बजावलं. मात्र पसंतीच्या सीटसाठी वेगळे पैसे घ्यायची मुभा कायम राहिली. म्हणजे त्या आदेशाने आठ वर्षांच्या पोराला संरक्षण मिळालं, चौसष्ट वर्षांच्या आजीला नाही. पहिल्यांदा विमानात बसलेल्या, पट्टा कसा लावायचा हे माहीत नसलेल्या, इंग्रजी-हिंदीतली घोषणा अर्धीच कळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सोबतीची गरज मुलापेक्षा कमी असते का?

कंपन्यांकडून उत्तर येतं की सीट ‘सिस्टीम आपोआप देते’. माझं पोट सिस्टीम लिहिण्यावरच चालतं, म्हणून सांगतो: आपोआप असं काही नसतं. कोणीतरी नियम लिहितो, संगणक तो पाळतो. साधा हिशोब करू. 180 सीटचं विमान, दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट. अम्मीला आणि मला खरोखरच चिठ्ठ्या टाकून सीट दिल्या, तर आम्ही अगदी शेजारी येण्याची शक्यता 134 मध्ये एक, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे एकत्र आलेल्यांना वेगळं पाडायला दुष्टपणाची गरजच नाही, नुसती चिठ्ठी पुरते. आणि एकाच पीएनआरवरच्या लोकांना जमेल तिथे शेजारी बसव, हा नियम लिहिणं नव्या इंजिनिअरलाही जमेल. तो लिहिला नसेल तर तो न लिहिण्याचा निर्णय कोणीतरी घेतलेला आहे. ब्रिटनमध्ये 2018 साली तिथल्या डिजिटल खात्याच्या मंत्री मार्गॉट जेम्स यांनी तर काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर एकाच आडनावाचे प्रवासी हेरून त्यांना मुद्दाम वेगळं बसवतं, असा आरोप संसदेच्या समितीपुढे केला होता.

याउलट आपली रेल्वे पाहा. सोलापूरकराचा जन्म सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या वेटिंग लिस्टमध्ये जातो, रेल्वेला आपण रोज नावं ठेवतो. पण तिच्या आरक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक माणुसकीचा नियम आहे. 60 वर्षांवरच्या पुरुषाला आणि 45 वर्षांवरच्या बाईला, तिने पर्याय निवडला नसला तरी, जागा शिल्लक असेल तर खालचा बर्थ मिळतो. स्लीपरच्या प्रत्येक डब्यात त्यासाठी सहा-सात खालचे बर्थ वेगळे ठेवलेले असतात. जास्तीचा एक पैसा लागत नाही. अम्मीने आयुष्यभर रेल्वेने प्रवास केला आणि तिला खालच्या बर्थसाठी कोणाच्या तोंडाकडे फारसं पाहावं लागलं नाही.

कंपन्यांची बाजूही आहे. तिकीट स्वस्त ठेवायचं तर कुठून तरी पैसे यायला हवेत, आणि ज्याला खिडकीच हवी त्याने दोन पैसे जास्त दिले तर बिघडलं कुठे? मान्य. पाय पसरायची जागा विका, पहिली रांग विका, खिडकी विका. म्हाताऱ्या आईजवळ मुलाने बसणं ही चैन नाही, तेवढं विकू नका. बारा वर्षांच्या मुलांचा जो नियम आहे, तोच साठीपुढच्या प्रवाशाला आणि त्याच्या एका सोबत्याला लावा. एवढीच मागणी आहे.

ही मागणी ‘मुस्लिमांसाठी’ करायची नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. बार्शीहून नातवाकडे बंगळुरूला निघालेली नऊवारीतली आजीसुद्धा मधल्या सीटवर तशीच आक्रसून बसते. त्रास दोघींचा एकच आहे. आपल्याकडे त्यावर भीतीची एक घडी जास्त चढते. म्हणून आपण बोललो तर ते सगळ्यांच्या कामाचं बोलणं होईल.

आणि बोलताना आपल्या घरातलंही पाहावं लागेल. सीट बदलण्याच्या विनंतीचा गैरवापर आपल्यातही होतो. ‘परक्या बाईशेजारी मी बसणार नाही, तिला उठवा’ असं म्हणणारे पुरुष सगळ्या धर्मांत आहेत. इस्रायलच्या एल अल कंपनीच्या विमानात 2015 मध्ये एका कर्मठ ज्यू पुरुषासाठी रेने राबिनोवित्झ या ऐंशी ओलांडलेल्या वकील बाईंना जागा सोडायला सांगितलं गेलं. त्या कोर्टात गेल्या. जून 2017 मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयाने निकाल दिला की पुरुषाच्या सांगण्यावरून बाईला जागेवरून उठवता येणार नाही. हा निकाल आपणही ध्यानात ठेवावा. एखाद्या बाईला स्वतःला बाईशेजारी बसावंसं वाटलं तर तो तिचा निर्णय. मे 2024 मध्ये इंडिगोने वेब चेक-इन करताना शेजारची सीट बाईने घेतली आहे का हे महिला प्रवाशांना दिसण्याची सोय सुरू केली, ती याच कारणाने योग्य वाटते. पण आपल्या सोवळ्यासाठी दुसरीने उठावं, ही अपेक्षा सोडायला हवी.

सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळावरून कधीकाळी किंगफिशरचं विमान उडायचं, ते बंद पडलं. मग जून 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. गोव्याच्या एटीआर विमानात दोन-दोनच्याच सीट असतात, मधली सीट नावाचा प्रकारच नाही. अम्मीला हे सांगितलं तर म्हणाली, ‘ये अच्छा है.’ आता आपल्या मोहल्ल्यांतून अनेक घरांतली पहिली पिढी विमानात बसेल, आणि तिकीट काढणारे तुम्हीच असाल. म्हणून चार गोष्टी सांगतो. घरातल्या सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. वेब चेक-इन उघडलं की लगेच करा. वेगळ्या सीट आल्या तर काउंटरवर, विमानात चढण्यापूर्वीच, आईचं वय सांगून बदलून मागा. आणि नाही मिळालं तर घरी येऊन गप्प बसू नका, मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि वयाच्या नियमाची मागणी त्यात लिहा. एका तक्रारीने नियम बदलत नाही, पण मुलांचा नियमही पालकांच्या तक्रारींनंतरच आला.

आत गेल्यावर विचारायची वेळ आलीच, तर विचारा. दिल्लीहून परत येताना मी विचारलं. अम्मीशेजारच्या बाई ‘अहो, बसा ना’ म्हणून उठल्याही. त्यांना वाक्य पुरं करायचीसुद्धा वाट पाहावी लागली नाही. अम्मीने त्या प्रवासात दोन वेळा पाणी मागून घेतलं.