मोत्याचे पान

नारपोलीत आमच्या घराच्या उजव्या हाताला यंत्रमाग आणि डाव्या हातालाही यंत्रमाग. या खडखडाटात कुत्र्याचे भुंकणे ऐकणार कोण? तेव्हा कुत्रा पाळू नये, असे माझे मत होते. पण घरात माझ्या मताला एरवी जी किंमत मिळते तीच मिळाली आणि मोत्या आला.

मोत्याचे खाणेपिणे हे सौ.चे खाते. ‘आपण भाज्या खातो, मग त्याने का खाऊ नयेत?’ असे म्हणून ती उरलेली आमटी-भाजी भातात कालवून त्याच्यापुढे ठेवी. गेल्या पावसाळ्यात घरी पाहुणे होते. आठवडाभर रोज कांद्याचा रस्सा उरला आणि मोत्याने तो चाटूनपुसून खाल्ला. पाहुणे गेले आणि मोत्याने अंथरूण धरले. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी काळ्या चहासारखी.

डॉक्टरांनी त्याच्या हिरड्या पाहून पहिलाच प्रश्न केला, “खाण्यात कांदा असतो का?”

सौ.ने तिथेच डोळ्यांना पदर लावला. मायेने घातलेला घासच बाधला होता.

वाचकहो, कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवा, तळा की वाळवून पूड करा, हा दोष जात नाही. शरीराच्या दर किलो वजनामागे 15 ते 30 ग्रॅम कांदा गेला की रक्तावर परिणाम दिसू लागतो. म्हणजे आमच्या 10 किलोच्या मोत्याला दोन-तीन कांदे पुरे! रोज थोडा थोडा गेला तरी बाधतो आणि लक्षणे दिसायला काही दिवस लागतात. तोवर आपण समजतो, पचले.

मोत्या बरा व्हायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून फोडणी पडण्यापूर्वीच त्याचा वाटा वेगळा निघतो. गाजर, फरसबी, लाल भोपळा बारीक चिरून मऊ शिजवायचा आणि कुस्करायचा; मीठ, तिखट, तेल काही नाही. नवी भाजी एका वेळी एकच, तीही चमचाभर. दोन दिवस पोट ठीक राहिले तर पुढे. दुधी आधी स्वतः चाखावा; कडू लागला तर तो कोणीच खाऊ नये. हिरवट बटाटा नको आणि मक्याचे बोंडूक तर मुळीच नको; ते आतड्यात अडकते.

भात-भाकरी कुत्र्याला पचते. लांडग्यापेक्षा कुत्र्याचे शरीर पिष्ट पचवायला अधिक सरावले आहे, हे 2013 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनातही दिसले. पण भातभाजीवर त्याचे भागत नाही. अंडी-मांस हवे, कॅल्शियम हवे. त्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. भाजी आपली तोंडी लावण्यापुरती.

आणि आता तर दिवाळी! बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि चॉकलेटही त्याला विषच. परवा सौ. रव्याचे लाडू वळत होती आणि मोत्या पुढ्यात शेपटी हलवीत बसला होता. मला दया आली. मी हळूच एक लाडू उचलला.

“अहो, त्यात बेदाणे आहेत!” मान वर न करता ती म्हणाली. “लाडू तुम्ही खा. त्याचा भोपळा शिजतोय.”