दुखरा अंगठा आणि वल्ह्याची मूठ

मुंबई–गोवा महामार्गाने जाताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सावित्री नदी पाहिली असेल. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून ती पोलादपूरला उतरते, तेव्हा तिच्या पात्रात पाण्यापेक्षा खडकच जास्त दिसतात. तिथे होडी घालण्याचे कोणाच्या मनात येणार नाही. महाड ओलांडले की मात्र ती संथ होते, भरतीचे पाणी तिच्यात शिरते आणि दासगावच्या बाजूला तिची चांगली रुंद खाडी होते. एके काळी भरतीबरोबर मालाची गलबते महाड बंदरापर्यंत येत. आता गलबते नाहीत. लहान होड्या मात्र अजून दिसतात.

अशाच एका होडीतून गेल्या उन्हाळ्यात मी खाडीत फेरी मारली. होडीवाले साठीच्या पुढचे. मधूनच ते वल्हे मांडीवर ठेवत आणि उजव्या हाताचा अंगठा दाबत. मी विचारले तेव्हा म्हणाले, "सर, होडी तीच हाय, वल्हंबी तेच हाय. आंगठाच ऐकत नाय आता."

हे उत्तर मला घरी आल्यावरही छळत राहिले. दोष अंगठ्याचा, असे त्यांनी सहज मान्य करून टाकले होते. वल्ह्याचा दोष असू शकतो, हे त्यांच्या मनातही आले नव्हते, आणि खरे सांगायचे तर होडीत बसलो असताना माझ्याही आले नव्हते. मी वीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवतो आहे! आपल्याकडे अवजार दुखवू लागले की "सवय होईल" असे मुलांना सांगतात आणि "वय झाले" असे म्हाताऱ्यांना. माझे मत असे की, या दोन्ही वाक्यांच्या आधी मोजपट्टी हातात घ्यायला हवी.

प्रथम अंगठ्याकडेच पाहू. १९७७ साली कूनी आणि चाओ या संशोधकांनी हिशेब मांडून दाखवले की, अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत १ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर सुमारे १२ किलोग्रॅमचा दाब येतो. कारण साधे आहे. स्नायूंचे दोर सांध्याच्या अगदी जवळून जातात, आणि टोकाशी थोडा जोर हवा असला तरी त्यांना तो अनेक पटींनी ओढावा लागतो. मूठ घट्ट आवळली की हा दाब आणखी कितीतरी वाढतो. म्हणजे मुठीतला एक किलो वाचवला तर सांध्यावरचे दहा-बारा किलो वाचतात. वल्ह्याचा सगळा विचार इथून सुरू व्हावा.

आता मूठ आवळावी का लागते? वल्हे निसटू नये म्हणून. ते धरून ठेवते घर्षण, आणि घर्षण हे दाब गुणिले घर्षणगुणांक. ओला, घासून गुळगुळीत झालेला दांडा असला की गुणांक कमी, म्हणून दाब जास्त. त्या होडीवाल्यांच्या वल्ह्याचा दांडा मुठीच्या जागी साडेचार सेंटिमीटर जाड होता आणि वर्षानुवर्षांच्या वापराने काचेसारखा झाला होता. त्यांची बोटे त्याला पुरता वेढा घालू शकत नव्हती. कयाकच्या वल्ह्यांचे दांडे साधारण ३ सेंटिमीटरच्या आसपास जाड असतात, लहान हातांसाठी त्याहून बारीकही मिळतात. एक ढोबळ कसोटी सांगतो: दांडा धरल्यावर अंगठ्याचे आणि तर्जनीचे टोक एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजे. आम्ही रंध्याने दांडा त्या मापाला आणला. तोही पुरता गोल न ठेवता किंचित लंबगोल केला. त्यामुळे पाते कोणत्या दिशेला आहे हे न पाहता, न आवळता हाताला कळते. वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. खर्च जवळजवळ शून्य.

वरच्या हाताची गोष्ट वेगळी. कॅनोच्या वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते, ती उगीच नाही. तळव्याने ढकलता आले की बोटांनी धरावे लागत नाही. आपल्या कित्येक होड्यांच्या वल्ह्यांना वर नुसता कापलेला दांडा असतो. तिथे लाकडाचा एक गोलसर आडवा तुकडा खिळवला, की बोटांना सुटी मिळते.

तरफेचा धडा तुम्ही शिकला आहात. वरचा हात टेकू, खालचा हात जोर आणि पाण्यातले पाते भार, अशी ही तिसऱ्या प्रकारची तरफ. समजा, वरच्या हातापासून पात्याचा मध्य १२० सेंटिमीटरवर आहे आणि पाणी पात्यावर ४० न्यूटन बल लावते. खालचा हात बरोबर मध्यावर, म्हणजे ६० सेंटिमीटरवर असेल, तर त्याला ८० न्यूटन ओढावे लागते. तोच हात १५ सेंटिमीटर खाली सरकवा: ४० गुणिले १२० भागिले ७५, म्हणजे ६४ न्यूटन. नुसता हात सरकवून पाचवा हिस्सा जोर वाचला! अर्थात निसर्ग फुकट काही देत नाही. त्या हाताला आता जास्त अंतर चालावे लागते आणि थोडे वाकावेही लागते. कंबर दुखणाऱ्याला ही युक्ती मी सांगणार नाही.

वजनाचा हिशेब तुम्हीच करा. मिनिटाला २५ वेळा वल्हे उचलले तर अर्ध्या तासात ७५० वेळा. आईनाच्या जड लाकडाऐवजी हलक्या शिवणीचे वल्हे करून ६०० ग्रॅम वाचले, तर अर्ध्या तासात ४५० किलोग्रॅम उचलणे वाचले.

कोलाडला कुंडलिका नदीवर कयाक चालतात, तिथे दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे पाहायला मिळेल. त्यातली दोन पाती बऱ्याचदा एकमेकांशी कोन करून बसवलेली असतात, म्हणजे हवेतले पाते वाऱ्याला आडवे येत नाही. पण त्यासाठी प्रत्येक फेरीला मनगट मागे मुरडावे लागते. ज्याचे मनगट दुखते त्याने पाती एकाच पातळीत ठेवावीत आणि वारा सोसावा, हे बरे. वाकड्या दांड्याची वल्हीही मिळतात. त्यांनी मनगट सरळ राहते, पण ती महाग असतात आणि सगळ्यांना मानवतात असेही नाही.

शेवटी पाते. ते १५ सेंटिमीटर रुंद आणि ५० लांब होते, म्हणजे ७५० चौरस सेंटिमीटर. मी ते १२ सेंटिमीटर रुंद करा म्हणालो, म्हणजे ६००. त्याच वेगाने ओढले तर पाण्याचा विरोध क्षेत्रफळाच्या प्रमाणात कमी होतो. इथेही पाचवा हिस्सा. होडीवाले लगेच म्हणाले, "पातं कमी केलं तर पोचायचं कधी?" प्रश्न अगदी बिनतोड होता. मी त्यांना आंबेनळी घाट चढणाऱ्या एस.टी.चे उदाहरण दिले. ड्रायव्हर गिअर खालचा टाकतो, इंजिन जास्त फेरे घेते, पण दम तोडत नाही. तसे वल्हे जास्त वेळा मारायचे, हलके मारायचे. यात थोडी शक्ती वाया जाते हेही कबूल केले पाहिजे, कारण लहान पाते थोडे पाणी जास्त वेगाने मागे फेकते, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. एकूण काम किंचित वाढते, पण एका वेळचा जोर घटतो. दुखऱ्या सांध्याला नेमके तेच हवे असते.

सांधा सुजला असेल, गरम लागत असेल, सकाळी तासभर आखडत असेल, तर मात्र आधी डॉक्टर आणि मग सुतार.

कोणी म्हणेल, एका म्हाताऱ्या होडीवाल्यासाठी एवढा खटाटोप कशाला? २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या रस्त्यांवर होड्या फिरवाव्या लागल्या, हे इथले कोणी विसरलेले नाही. अशा वेळी वल्हे कोणाच्या हाती येईल, त्याचे वय काय असेल, ते आधी ठरवता येत नाही. आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी ज्वालामुखी मांडण्यापेक्षा एखाद्या गटाने आपल्या आजोबांच्या मुठीची मापे घेऊन कोयत्याची मूठ किंवा वल्हे करून आणले, तर परीक्षक म्हणून मी तरी गुण त्यांनाच देईन. पोलादपूरच्या मुलांनी वल्हे नाही म्हणून अडून बसू नये. कोयता घरोघर आहे.

दिवाळीच्या सुमारास मी पुन्हा खाडीवर गेलो. होडीत दोन वल्ही होती. जुने रुंद मुलाचे, नवे अरुंद वडिलांचे. अंगठा दुखतो का, विचारले. "दुखतोय की," ते म्हणाले, "पण पल्याड जाऊन येतो, मग दुखतोय. आधी मधीच दुखायचा." ट्यूबची पट्टी एका जागी सुटली होती, ती त्यांनी सुतळीने बांधली होती.